न सांगितलेली परवानगी

मृत्युपत्र न करता एखादा गृहस्थ वारला, तर त्याची मालमत्ता बेवारशी पडून राहते असे नाही. त्याने जे सांगून ठेवले नाही, ते त्याच्या वतीने कायदा सांगतो. पत्नीचा वाटा कोणता, मुलांचा कोणता, हे आधीच ठरलेले असते. मृत्युपत्र करण्याचे टाळणारी माणसे समाजात थोडी नाहीत. त्यामुळे घरोघरची वाटणी प्रत्यक्षात कशी होते, हे पुष्कळ अंशी या न मागितलेल्या नियमावरच अवलंबून असते. आपण काही बोललो नाही, म्हणजे काही ठरले नाही, असा आपला समज असतो; वस्तुतः आपल्या मौनाचा अर्थ दुसऱ्या कोणीतरी आधीच लावून ठेवलेला असतो.

संगणकाच्या जगात हाच प्रकार दररोज असंख्य वेळा घडतो. आपण संगणकावर एखादे पत्र लिहितो, हिशेब मांडतो, टिपण तयार करतो आणि ते जतन करण्याची आज्ञा देतो. त्या एका क्षणात मजकुराची फाइल तयार होते आणि त्याच क्षणी आणखी एका प्रश्नाचा निकाल लागतो : ही फाइल कोणी वाचावी, तिच्यात कोणी फेरफार करावा आणि कोणाला तिला हातही लावता येऊ नये? लिहिणाऱ्याने याविषयी चकार शब्द काढलेला नसतो. मग हा निर्णय घेतो कोण? तो कधी घेतला गेला आणि कोणत्या समजुतीवर? या प्रश्नांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्यात मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या साधनाचा, ज्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात त्याचा, वाटा अनपेक्षितपणे मोठा आहे.

प्रारंभीच्या संगणकांपुढे हा प्रश्नच नव्हता. यंत्र एक, आणि एका वेळी त्यावर चालणारे काम एक. आपल्या कामाची छिद्रांकित कार्डे घेऊन माणूस यायचा, ती यंत्रचालकाच्या हवाली करायचा आणि काही तासांनी छापील उत्तर घेऊन जायचा. ज्याची कार्डे त्याच्याजवळ. मग कुलूप कशाला लावायचे? परंतु १९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एका नव्या व्यवस्थेचे प्रात्यक्षिक दाखविले. तिचे नाव कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम, संक्षेपाने सीटीएसएस. तीत यंत्राचा वेळ अनेकांत वाटला जाई. प्रत्येकजण आपापल्या टंकयंत्रासमोर बसे, आणि यंत्र जणू आपल्या एकट्याचेच आहे असे प्रत्येकाला वाटे. सर्वांच्या फाइली मात्र एकाच यंत्राच्या पोटात राहू लागल्या. स्वतंत्र घरांची वस्ती जाऊन एका मोठ्या वाड्यातले बिऱ्हाडकरू एकत्र नांदू लागले. साहजिकच खोल्यांना दारे आणि दारांना कड्या बसवणे भाग पडले, आणि प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला.

कड्या बसवल्या, पण त्या कोठे कोठे बसवावयास हव्यात याचा पुरता अंदाज अजून कोणाला आला नव्हता. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला यंत्राचा आठवड्याला चार तासांचा वेळ अपुरा वाटू लागला. कार्डावर फाइलीचे नाव लिहून दिले की ती छापून मिळते, ही सोय त्याला ठाऊक होती. त्याने एका शुक्रवारी रात्री परवलीच्या शब्दांची फाइलच छापण्याची विनंती केली, आणि शनिवारी सकाळी कागद उचलून नेला. त्याने कोणतेही कुलूप तोडले नव्हते. छपाईच्या वाटेवर कुलूप लावायला हवे, हे कोणी सांगितलेच नव्हते. त्यामुळे ती वाट मोकळी राहिली होती.

याहून बोलकी घटना १९६६ साली घडली, आणि तीत दोष एडिटरकडे जातो. सीटीएसएसचा एडिटर मजकुरात फेरफार करताना एक तात्पुरती फाइल तयार करी, आणि तिचे नाव नेहमी एकच असे. ही योजना करणाऱ्यांचा हिशेब सरळ होता : प्रत्येक माणसाचा कप्पा वेगळा, आणि एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करणार; मग नावांची गल्लत होईलच कशी? परंतु खुद्द यंत्रणेची देखभाल करणाऱ्यांचा कप्पा सामाईक होता, आणि पुढे त्यात एकाहून अधिकांना एकाच वेळी काम करण्याची मुभा मिळाली. एके दिवशी त्या कप्प्यात दोघेजण एकाच वेळी एडिटर चालवू लागले. एकजण त्या दिवसाची सूचना, म्हणजे काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर उमटणारा मजकूर, सुधारीत होता. दुसरा परवलीच्या शब्दांची यादी सुधारीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच. त्यांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी काम सुरू करी, त्याच्यासमोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द ओळीने छापून येऊ लागले! विल्यम मॅथ्यूज यांनी ही गोष्ट उघडकीस आणली. कॉर्बातो यांना १९९० चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्या व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग स्वतःच सांगितला.

या घटनेत चोर कोणीही नव्हता. दोघेही आपापले नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे करीत होते. एडिटरच्या योजनेत एक गृहीत दडलेले होते. ज्या दिवशी ते गृहीत धरले त्या दिवशी ते खरेही होते. पुढे परिस्थिती पालटली आणि गृहीत मात्र जागच्या जागी राहिले. परवानग्यांच्या इतिहासात हा प्रकार आपल्याला पुनःपुन्हा भेटणार आहे.

सीटीएसएसच्या अनुभवातून मल्टिक्स नावाची फार महत्त्वाकांक्षी व्यवस्था जन्मास आली. तीत प्रत्येक फाइलीबरोबर कोणाला कोणता अधिकार याची सविस्तर यादी ठेवण्याची सोय होती. या उपक्रमातून बेल लॅबोरेटरीज ही संस्था १९६९ साली बाहेर पडली, आणि न्यू जर्सीतील मरे हिल येथे तिच्याच केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्याच वर्षी एका लहान यंत्रावर आपली छोटी, आटोपशीर व्यवस्था रचण्यास आरंभ केला. हीच पुढे युनिक्स या नावाने जगभर गेली. १९७१ साली बेल लॅबोरेटरीजच्या पेटंट विभागातील टंकलेखक आपले अर्ज या व्यवस्थेवर तयार करू लागले. म्हणजे युनिक्सचे पहिले बाहेरचे गिऱ्हाईक हे लिहिणारे-सुधारणारे लोकच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत परवानग्यांची पद्धत अगदी साधी दिसते. फाइलीचा मालक एक, आणि मालक नसलेले बाकी सारे दुसरे. प्रत्येकाला वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार असेल किंवा नसेल. पुढे मालक आणि जग यांच्यामध्ये गट हा तिसरा वर्ग आला. तेव्हापासूनची व्यवस्था आजतागायत चालू आहे. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे तीन अधिकार. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे अंक दिले, की त्यांची बेरीज करून प्रत्येक वर्गाचा अधिकार एका अंकात सांगता येतो. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे आणि लिहावे, गटाने व इतरांनी केवळ वाचावे. ६०० म्हणजे मालकाखेरीज कोणी त्या वाटेला जाऊ नये. मल्टिक्सच्या लांबलचक यादीची जागा तीन अंकांनी घेतली. या काटकसरीतच युनिक्सच्या यशाचे एक मर्म आहे.

परंतु तीन अंक कोणी लिहावयाचे? नवी फाइल निर्माण करणारा प्रोग्रॅम, म्हणजे बहुधा एडिटर, त्या क्षणी कोणते तरी अंक सांगतोच. सहाव्या आवृत्तीपर्यंत हे अंक ज्या त्या प्रोग्रॅमच्या कर्त्याने ठरवून टाकलेले असत. मरे हिलच्या मंडळींत परस्परांवर विश्वास होता. एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचावे, सुधारावे, यातच तेथील कामाची सारी गोडी होती. म्हणून अंकही सढळ असत. कोणाला आपली फाइल झाकावीशी वाटली, तर ती तयार झाल्यावर परवानगी बदलण्याची स्वतंत्र आज्ञा त्याने द्यावी. ही आज्ञा देण्याचे माणसाच्या लक्षात राहील काय, हा विचार लहान कुटुंबात करावा लागत नाही.

कुटुंबाचे गाव झाले, तेव्हा तो करावा लागला. युनिक्स विद्यापीठांत आणि कचेऱ्यांत पसरले, आणि १९७८ च्या सुमारास, सहाव्या व सातव्या आवृत्त्यांच्या दरम्यान, तीत एका छोट्या सोयीची भर पडली. तिचे नाव यूमास्क. ही एक प्रकारची चाळणी आहे. एडिटर फाइल निर्माण करताना जे अधिकार मागतो, ते या चाळणीतून जातात, आणि चाळणीत जे अधिकार अडवण्यास सांगितले असतील ते गळून पडतात. एडिटरने ६६६ मागितले आणि चाळणी ०२२ असली, तर गटाचा आणि इतरांचा लिहिण्याचा अधिकार अडतो व ६४४ उरतात. चाळणी ०७७ असली तर मालकाखेरीज सर्वांचे सर्व अधिकार अडतात व ६०० उरतात. ही वजाबाकी आहे असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नव्हे. ६६६ मधून ०२७ वजा केले तर ६३७ येतील. चाळणीतून मात्र ६४० बाहेर पडतात, कारण जो अधिकार मुळात मागितलेलाच नाही, तो अडवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या सोयीचे तीन विशेष ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा की, चाळणी अधिकार काढून घेते, देत कधीच नाही. एडिटरने कमी मागितले तर ती वाढवून देणार नाही. दुसरा असा की, ती वारशाने चालते. काम सुरू करताना जी चाळणी मिळाली, ती त्या कामातून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे जाते. म्हणून एकदा ठरवली की एडिटर बदलला तरी ती बदलत नाही. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा विशेष असा की, निर्णय प्रोग्रॅमच्या कर्त्याच्या हातून निघून वापरणाऱ्याच्या आणि त्याच्या संस्थेच्या हाती आला. दूरच्या गावी बसून एडिटर रचणाऱ्याला आपल्या कचेरीची रीत काय ठाऊक? ती ज्याची त्याने ठरवावी, हे तत्त्व यूमास्कने मान्य केले. १९८८ साली पॉसिक्स हे प्रमाण ठरले, त्यातही तिला स्थान मिळाले.

तथापि चाळणी केवळ नव्या फाइलीपुरती असते. जुनी फाइल उघडून, सुधारून पुन्हा जतन केली तर काय होते? येथे एडिटरपुढे दोन मार्ग असतात, आणि दोहोंत काहीतरी गमवावे लागते. पहिला मार्ग असा की, असलेल्याच फाइलीतला मजकूर पुसून तेथेच नवा लिहावयाचा. याने मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा राहतात. पण लिहिता लिहिता वीज गेली किंवा जागा संपली, तर जुनेही गेले आणि नवेही अपुरे, अशी अवस्था होते. दुसरा मार्ग असा की, नवा मजकूर वेगळ्या फाइलीत पुरता लिहून घ्यावयाचा, आणि मग तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावयाचे. याने मजकुराला धोका राहत नाही. परंतु नाव जुने असले तरी वस्तू नवी असते. तिचा मालक जतन करणारा माणूस. तिच्या परवानग्या चाळणीतून आलेल्या. सामाईक कप्प्यातील जी फाइल सर्वांना सुधारता येत होती, ती एकाने जतन करताच इतरांना बंद होऊ शकते. उलट, जी केवळ मालकापुरती होती, ती जगाला वाचण्यास खुली होऊ शकते.

म्हणून शहाणे एडिटर जुन्या फाइलीच्या परवानग्या नव्या फाइलीवर उतरवून घेतात. यातही क्रम सांभाळावा लागतो. आधी सढळ परवानग्यांची फाइल करून, तीत गुप्त मजकूर लिहून, मग ती झाकली, तर मधल्या क्षणी कोणी ती उघडली असेल त्याच्या हातून ती परत घेता येत नाही. आधी झाकावे आणि मग लिहावे, हाच बरोबर क्रम. तीच काळजी एडिटर मागे ठेवतात त्या राखीव प्रतीची. मूळ कागद तिजोरीत आणि त्याची नक्कल ओसरीवर, असे होऊन चालणार नाही. विम आणि ईमॅक्स या दोन प्रसिद्ध एडिटरांत जतन करताना कोणता मार्ग धरावा हे वापरणाऱ्याला ठरवता येते. हे ठरवण्याची गरज आहे हे ठाऊक असणारे मात्र थोडे, आणि बाकीच्यांच्या वाट्याला एडिटरने स्वतः ठरवलेले येते.

ईमॅक्सचा उल्लेख आला, तेव्हा त्याची हकिकत सांगणे भाग आहे. या एडिटरचा जन्म १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत झाला. तेथील यंत्रणेत फाइलींना कड्याकुलपे नव्हती. कोणीही कोणाचीही फाइल वाचावी, सुधारावी, अशी रीत होती. त्याचे एक कर्ते रिचर्ड स्टॉलमन या मोकळेपणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९८५ साली ईमॅक्सची नवी आवृत्ती युनिक्ससाठी बाहेर पडली. तिच्याबरोबर मूव्हमेल नावाचा एक साहाय्यक प्रोग्रॅम असे. आलेले टपाल सामाईक कप्प्यातून उचलून ज्याचे त्याच्या कप्प्यात ठेवणे, हे त्याचे काम.

आता युनिक्समध्ये अशी एक योजना आहे की, एखादा प्रोग्रॅम तो चालवणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या मालकाच्या अधिकाराने चालू शकतो. दप्तरखान्यात आपल्याला प्रवेश नसतो. पण कारकून आत जाऊन आपल्याला नक्कल आणून देतो, तसाच हा प्रकार. ही कल्पना रिची यांची; तिचे पेटंट १९७९ साली मिळाले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मूव्हमेल ज्या रीतीने बसवलेला होता, तीत त्याला संपूर्ण यंत्रणेच्या धन्याचा अधिकार होता. कारकुनाच्या हाती दप्तरखान्याच्या सर्व किल्ल्या होत्या, आणि कोणता कागद कोठे ठेवतो आहोत हे पाहण्याची त्याला सवय नव्हती. १९८६ साली एका परकीय घुसखोराने त्याच्याकरवी आपला प्रोग्रॅम यंत्रणेच्या एका नित्याच्या प्रोग्रॅमच्या जागी नेऊन ठेवला. दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा तो प्रोग्रॅम पूर्ण अधिकाराने चाले; थोड्याच वेळात घुसखोर यंत्रणेचा धनी झाला.

हा प्रकार उघडकीस कसा आला? हिशेबात ७५ सेंटची तफावत पडली म्हणून. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने ती क्षुल्लक रक्कम सोडून दिली नाही. महिनोन्महिने माग काढीत तो जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून माहिती मिळवावी आणि ती सोव्हिएत हेरखात्याला विकावी, असा तेथील मंडळींचा उद्योग होता. मार्कुस हेस याच्यावर आणि त्याच्या साथीदारांवर १९९० साली न्यायालयात दोष शाबीत झाला. कुलपांवर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांच्या घरी जन्मलेला एडिटर, कुलपे असलेल्या घरी येताच सर्वांत मोठे दार उघडे ठेवण्यास कारण झाला. दोष मोकळेपणाचा नव्हता आणि कुलपांचाही नव्हता. एका घरची रीत दुसऱ्या घरी न तपासता नेल्याचा होता.

आज लिनक्सच्या पुष्कळ प्रकारांत ०२२ हीच चाळणी आरंभी मिळते : माझे लिहिलेले सर्वांनी वाचावे, पण बदलावे ते मीच. रेड हॅट या लिनक्सने आणखी एक मार्ग काढला. प्रत्येक माणसाला त्याच्या एकट्याचा गट दिला, म्हणजे ००२ ही सढळ चाळणी ठेवूनही एरवी धोका नाही आणि सामाईक कप्प्यात मात्र गटातील सर्वांना लिहिता येते. उबुंटू या लोकप्रिय लिनक्समध्ये तर एका वापरकर्त्याचा घरचा कप्पा त्याच यंत्रावरील इतरांना उघडता येत असे. एप्रिल २०२१ मधील आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्यांचे असे कप्पे इतरांना बंद झाले. परस्परांना ओळखणाऱ्या मूठभर लोकांचा सढळपणा त्यांच्यानंतर किती वर्षे टिकून राहिला, हे यावरून दिसते.

मग सर्वांनी सर्व फाइलींना ०७७ चे कुलूप घालावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते शहाणपणाचे नाही. सर्व काही झाकणाऱ्या कचेरीत माणसे काम अडले की वैतागतात, आणि एके दिवशी सर्व परवानग्या सरसकट उघड्या करून मोकळी होतात. अति कडक नियमाची परिणती बहुधा नियम मोडण्यात होते. खासगी पत्रव्यवहाराला एक चाळणी योग्य, सामाईक लेखनाला दुसरी, आणि परवलीच्या शब्दांच्या यादीला तिसरी. कोणती योग्य हे यंत्र सांगू शकत नाही. त्याला आपले शेजारी कोण आहेत हे ठाऊक नसते.

सीटीएसएसच्या एडिटरने धरले की कप्प्यात माणूस एकच असेल. मरे हिलच्या मंडळींनी धरले की वाचणारा आपलाच असेल. मूव्हमेलने धरले की सांगणारा प्रामाणिक असेल. ही तिन्ही गृहीते आपापल्या जागी, आपापल्या दिवशी खरी होती. ज्यांनी ती धरली ते अडाणी नव्हते. आपल्या काळातील अत्यंत बुद्धिमान माणसांपैकी ते होते. त्यांच्या मौनाचा अर्थ त्यांच्या सोबत्यांना बरोबर कळत होता. पुढे सोबती बदलले. म्हणून न सांगितलेल्या परवानग्या अधूनमधून तपासून पाहणे, आणि आपण गप्प राहिलो असता आपल्या नावाने काय बोलले जाते हे जाणून घेणे, एवढे तरी प्रत्येक लिहिणाऱ्याने करावे. त्याला फार विद्वत्ता लागत नाही. यूमास्क ही एक शब्दाची आज्ञा दिली, की आपल्या नावाने कोणते अंक ठरले आहेत हे यंत्र तत्काळ सांगते.